ब्रह्मा, विष्णू आणि प्लूटो : एका मास्तरांचा हिशोब



संकष्टीच्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच आकडा फिरत असतो, चंद्रोदयाची वेळ. चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात रांगेत उभी असलेली बाई असो, नाहीतर चाकणच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला गेलेली आणि उपवास सोडायचा डबा सोबत नेलेली बाई असो, दोघींनी सकाळीच भिंतीवरच्या कालनिर्णयात तो आकडा बघून ठेवलेला असतो. आभाळ भरलेलं असलं तरी आपण अडून बसत नाही. घड्याळात ती वेळ झाली की चंद्र उगवला असं धरतो आणि पूर्वेला हात जोडतो. चंद्र न बघता त्या आकड्यावर एवढा भरवसा!

तो आकडा काही आपोआप छापला जात नाही. कोणीतरी चंद्राचा हिशोब मांडलेला असतो, मग गावागावाची वेळ काढलेली असते. हा हिशोब एके काळी फार बिघडला होता. तो नीट करायला ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांतल्या एका मास्तरांची आज गोष्ट सांगायची आहे. त्यांचं नाव व्यंकटेश बापूजी केतकर. आणि गोष्ट नुसती चंद्राची नाही. सूर्यापासून जवळजवळ सहाशे कोटी किलोमीटर दूर असलेल्या एका बर्फाळ गोळ्याची आहे. तो गोळा कोणाला दिसायच्या एकोणीस वर्षं आधी केतकरांनी तिकडे एक ग्रह असावा असं लिहून ठेवलं होतं.

आधी पंचांगाचं सांगते, म्हणजे हे मास्तर त्या ग्रहापर्यंत कसे पोचले ते कळेल.

आपल्याकडे कितीतरी पिढ्या पंचांग करायचं म्हणजे 'ग्रहलाघव' हा ग्रंथ उघडायचा, अशी रीत होती. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो १५२० साली लिहिला. गणेश दैवज्ञ मोठे हुशार. किचकट गणित टाळून बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकारात ग्रह कुठे आहे ते काढता येईल अशी रीत त्यांनी बसवली. म्हणूनच ती घरोघर चालली. पण घड्याळ दिवसाला एक सेकंद मागे पडत असेल तर आठवड्यात कळत नाही, दहा वर्षांत तासाचा फरक होतो. तसंच झालं. तीनशे वर्षांनी पंचांगात लिहिलेलं ग्रहण आणि आभाळात लागलेलं ग्रहण यांच्या वेळा जुळेनात.

हे आधी ज्यांनी मनावर घेतलं त्यांत पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे होते. ते लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू. त्यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत छापली आणि पुढे पाच वर्षांनी नव्या गणिताचं पटवर्धनी पंचांग सुरू झालं. लोक एकदम वळले नाहीत. वडिलांच्या वेळेपासून चालत आलेली एकादशी एका दिवसाने हलली तर घरात केवढा गोंधळ होतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

केतकर छत्र्यांच्या पुढच्या पिढीतले. जन्म १८५४ चा. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात ते मास्तर होते, बागलकोटच्या शाळेत शिकवत. बागलकोट आज कर्नाटकात आहे, तेव्हा ते मुंबई इलाख्यात होतं. दिवसा शाळा, आणि उरलेल्या वेळात ग्रहगणित. युरोपात ग्रहांच्या गतीचं जे नवं, बारीक गणित झालं होतं ते त्यांनी समजून घेतलं आणि आपल्या तिथी-नक्षत्रांना लागू पडेल अशा रूपात बसवलं. 'ज्योतिर्गणितम्', 'केतकी ग्रहगणितम्', 'वैजयन्ती' असे त्यांचे ग्रंथ आहेत. यातला 'ज्योतिर्गणितम्' त्यांनी मुद्दाम संस्कृतात लिहिला असं मला वाटतं, कारण पंचांग करणारे शास्त्री ज्या भाषेत शिकले होते त्याच भाषेत नवं गणित दिलं तरच ते हातात धरणार. 'नक्षत्रविज्ञान' मात्र मराठीत. काम करून घ्यायचं तर समोरच्याच्या बोलीत बोलावं लागतं, हे गटाची कोणतीही अध्यक्षा सांगेल.

त्या काळात पंचांगवाल्यांत आणखी एक मोठा वाद होता. राशीचक्र मोजायला सुरुवात कुठून करायची? एक बाजू रेवती नक्षत्रातली तारा धरणारी, दुसरी चित्रा नक्षत्राला धरून मोजणारी. टिळक पहिल्या बाजूचे, केतकर दुसऱ्या बाजूचे. तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत मकर संक्रांत १० जानेवारीला येते, आपल्याकडे १४-१५ ला. दोन्ही घरांत तीळगूळ तोच. पुढे १९५२ साली सरकारने शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारायला समिती नेमली, तिनेही चित्रा नक्षत्राचाच आधार धरला.

आता ग्रहांकडे येऊ.

नुसत्या डोळ्यांना दिसणारे ग्रह पाच : बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. हजारो वर्षं एवढेच ठाऊक होते. आपल्या नवग्रहांत त्यांच्याबरोबर सूर्य, चंद्र, राहू, केतू येतात. १३ मार्च १७८१ च्या रात्री इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीतून शनीच्याही पलीकडचा ग्रह दिसला. मराठीत आपण त्याला शोधणाऱ्याच्या आडनावावरून हर्षल म्हणतो. (या हर्शेलची बहीण कॅरोलिन रात्र रात्र जागून भावाच्या नोंदी लिहायची. तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि १७८७ पासून राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार बांधून दिला. आभाळाच्या कामासाठी पगार घेणारी बाई तेव्हा नवलाचीच होती.)

हर्षल सापडला, पण तो ठरलेल्या वाटेने चालेना. गणिताने जिथे असायला हवा त्याच्या थोडा पुढे-मागे दिसे. आपल्या गटात वहीप्रमाणे पेटीत एवढे पैसे हवेत आणि मोजले तर वीस रुपये कमी, असं झालं की आपण काय म्हणतो? कुठेतरी न लिहिलेला व्यवहार आहे. फ्रान्सच्या ल व्हेरिए या गणितज्ञाने तेच म्हटलं. पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह असणार, तोच हर्षलला ओढत असणार. त्याने कागदावर गणित करून तो ग्रह आभाळात कुठे सापडेल ते कळवलं. १८४६ च्या सप्टेंबरात बर्लिनच्या वेधशाळेत त्याच रात्री दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेच्या अगदी जवळ नेपच्यून सापडला. माणसाने घरात बसून ग्रह हुडकला! या गोष्टीचा जगभरच्या गणित्यांवर केवढा परिणाम झाला असेल. पुढची पन्नास-साठ वर्षं जो तो नेपच्यूनच्या पलीकडचा ग्रह कागदावर शोधायला लागला.

केतकर त्यांतलेच एक. मे १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या मासिकात त्यांचा लेख आला. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असं त्यांनी मांडलं आणि त्यांना नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू.

ल व्हेरिएसारखं हरवलेल्या वीस रुपयांवरून त्यांनी हे काढलं नव्हतं. त्यांचा आधार वेगळा होता. गुरूला पुष्कळ चंद्र आहेत. त्यातल्या जवळच्या तीन मोठ्या चंद्रांची चाल फार गमतीची आहे. गॅनिमीड नावाच्या चंद्राची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन होतात आणि आयोच्या चार. झिम्मा खेळताना एक जण एक टाळी देते, दुसरी तेवढ्यात दोन, तिसरी चार, आणि तरी सगळ्या ठरलेल्या ठेक्यावर येतात, तसं. हा ठेका फ्रान्सच्याच लाप्लास यांनी गणिताने दाखवला होता. केतकरांनी विचार केला की गुरूच्या चंद्रांत जो ठेका आहे तसाच हर्षल, नेपच्यून आणि त्यापलीकडचे ग्रह यांच्यात असला तर? या ठेक्यावरून त्यांनी ब्रह्मा ग्रहाचं अंतर काढलं.

अंतर मोजायचं माप म्हणजे पृथ्वी ते सूर्य, साधारण १५ कोटी किलोमीटर. केतकरांच्या मते ब्रह्मा याच्या ३८.९५ पट दूर होता आणि सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला २४२.२८ वर्षं लागणार होती.

इकडे अमेरिकेत ॲरिझोना राज्यात पर्सिव्हल लॉवेल नावाचा एक श्रीमंत गृहस्थ स्वतःची वेधशाळा बांधून हाच ग्रह शोधत होता. त्याची रीत ल व्हेरिएचीच, हर्षलच्या हिशोबातली तूट पकडायची. ते अवाढव्य गणित लॉवेल एकटा करत नव्हता. एलिझाबेथ विल्यम्स नावाची बाई त्याच्याकडे गणित करायला होती. १९०३ साली ती मोठ्या तंत्रशिक्षण संस्थेतून भौतिकशास्त्र शिकून बाहेर पडलेली, तिथून पदवी घेणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी एक. वर्षानुवर्षं तिने आकडेमोड केली. लॉवेल १९१६ मध्ये वारला. १९२२ साली एलिझाबेथने वेधशाळेतल्याच एका खगोलशास्त्रज्ञाशी लग्न केलं आणि तिला कामावरून काढलं. कारण काय, तर लग्न झालेल्या बाईला नोकरीत ठेवणं बरं दिसत नाही. नवऱ्याला नाही काढलं का, असं तुमच्या मनात आलं असेल. तिला काढलं एवढं मात्र वेधशाळेच्या इतिहासात स्पष्ट आहे. ती शंभरी ओलांडून १९८१ पर्यंत जगली.

लॉवेलच्या माघारी त्याच्या बायकोने मृत्युपत्रावर दावा लावला. कोर्टात वर्षं गेली, पैसा गेला, आणि शोध थंडावला. शेवटी १९२९ मध्ये वेधशाळेने एक स्वस्तातला माणूस नेमला. क्लाइड टॉम्बो, कॅन्सस राज्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा. गारपिटीने घरचं पीक झोपलं म्हणून त्याचं कॉलेज राहून गेलं होतं. गारपीट म्हणजे काय ते आपल्याकडच्या कांदेवाल्यांना विचारा. या पोराने शेतावरच स्वतःच्या हाताने दुर्बीण बनवली होती आणि गुरू-मंगळाची चित्रं काढून वेधशाळेला पाठवली होती. त्यावर त्याला नोकरी मिळाली.

काम काय होतं? आभाळाच्या एकाच तुकड्याचे काही दिवसांच्या अंतराने दोन फोटो काचेवर घ्यायचे. मग एका यंत्रात दोन्ही काचा आलटून पालटून बघायच्या. तारे जागेवरच राहतात. जो ठिपका हलला तो ग्रह असण्याची शक्यता. एका काचेवर हजारो, लाखो ठिपके. निवडताना तांदळातला खडा सुटू नये म्हणून आपण जसं बघतो तसं, महिनोन्‌महिने. १८ फेब्रुवारी १९३० रोजी, जानेवारीतल्या दोन काचांवर त्याला तो हललेला ठिपका सापडला. तेव्हा टॉम्बो चोवीस वर्षांचा होता. १३ मार्चला वेधशाळेने जगाला बातमी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला अकरा वर्षांची व्हेनेशिया बर्नी नाश्ता करत होती. आजोबांनी पेपरातली बातमी वाचून दाखवली. नव्या ग्रहाला नाव नव्हतं. ती म्हणाली, प्लूटो ठेवा. प्लूटो म्हणजे रोमन लोकांचा पाताळाचा देव, अंधारातला, आपल्या यमासारखा. आजोबांनी ते एका प्राध्यापकाला सांगितलं, त्यांनी अमेरिकेला तार केली, आणि मे महिन्यात तेच नाव जाहीर झालं. आजोबांनी नातीला पाच पौंड बक्षीस दिलं.

त्याच वर्षी ३ ऑगस्टला केतकर वारले, वयाच्या शहात्तराव्या वर्षी.

आता आकडे शेजारी शेजारी ठेवू. केतकरांचा ब्रह्मा : अंतर ३८.९५, फेरी २४२ वर्षांची. खरा प्लूटो : अंतर ३९.४८, फेरी २४८ वर्षांची. ऊर भरून येतो ना? माझाही आला होता. 'अमेरिकेच्या एकोणीस वर्षं आधी मराठी माणसाने प्लूटो शोधला' असे निरोप मोबाइलवर फिरतात, तेही मी पाहिलेत. पण ज्या माणसाने आयुष्यभर पंचांगाचं गणित आभाळाशी ताडून बघा असा आग्रह धरला, त्याच्या या लेखालाही तीच कसोटी लावली पाहिजे. लावून बघू.

पहिली गोष्ट, केतकरांनी अंतर आणि फेरीचा काळ सांगितला, पण ग्रह आभाळात कोणत्या दिशेला सापडेल ते सांगितलं नाही. ल व्हेरिएने बर्लिनला जागा कळवली होती, म्हणून नेपच्यून त्या रात्री सापडला. केतकरांच्या लेखावरून दुर्बीण कुठे वळवायची ते कळलं नसतं. कोणाला 'तुझी गाय दोन कोसांवर आहे' म्हटलं, पण पूर्वेला की पश्चिमेला ते सांगितलं नाही, तर तो किती दिवस शोधणार? दुसरी गोष्ट, त्यांचा विष्णू आजतागायत सापडलेला नाही. एकाच रीतीने काढलेले दोन ग्रह, त्यातला एक जवळपास जुळला, एक मुळीच नाही. तिसरी गोष्ट अशी की केतकरांचा लेख वाचून टॉम्बोने शोध लावलेला नाही. तो आपल्या वेधशाळेच्या आखणीप्रमाणे आभाळ चाळत होता.

आणि लॉवेलचं? प्लूटो त्याने सांगितलेल्या जागेपासून सहा अंशांच्या आसपास सापडला. त्याच्याकडच्या लोकांनाही वाटलं, गणित बरोबर आलं. पण १९७८ च्या जूनमध्ये जेम्स क्रिस्टी या शास्त्रज्ञाला प्लूटोचा चंद्र सापडला. (बायकोच्या शार्लीन या नावातली पहिली अक्षरं घेऊन त्याने त्या चंद्राचं नाव शॅरन ठेवलं.) चंद्र किती वेगाने फिरतो यावरून ग्रहाचं वजन काढता येतं. काढलं तर प्लूटो पृथ्वीच्या पाचशे भागांतला एक भागसुद्धा जेमतेम भरला. आपल्या चंद्राच्या सहाव्या हिश्श्याएवढा. एवढासा गोळा हर्षलला काय ओढणार? मग वीस रुपये गेले कुठे? १९८९ मध्ये व्हॉयेजर यान नेपच्यूनजवळून गेलं, तेव्हा नेपच्यूनचं वजन आधी धरलं होतं त्यापेक्षा किंचित कमी निघालं. नव्या वजनाने हिशोब मांडला आणि तूट नाहीशी झाली. म्हणजे पेटीतून पैसे कधी गेलेच नव्हते, वहीतच आकडा चुकीचा होता. एलिझाबेथबाईंची सगळी आकडेमोड एका नसलेल्या तुटीवर होती, आणि प्लूटो सापडला तो टॉम्बोने एकेक ठिपका निवडला म्हणून.

तर केतकरांचा अंदाज जुळला तो योगायोगाने, असंच मला प्रामाणिकपणे म्हणावं लागतं. त्यांना शोधकर्ता म्हणणं बरोबर नाही.

पण एक गोष्ट राहते, आणि ती मला फार आवडते. १९६५ साली संगणकावर हजारो वर्षांच्या चाली मांडून बघितल्यावर शास्त्रज्ञांना कळलं की नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन होतात. या ठेक्यामुळेच प्लूटोची वाट नेपच्यूनच्या वाटेच्या आत शिरत असूनही दोघं कधी जवळ येत नाहीत. १९७९ ते १९९९ ही वीस वर्षं प्लूटो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ होता, काही झालं नाही. केतकरांनी धरलेला ठेका हा नव्हता, त्यांचे आकडे वेगळे होते. मात्र तिकडच्या ग्रहांच्या चालीत ठेका असणार, हा त्यांचा कयास फुकट गेला नाही.

मी या सगळ्यात पडले ती एका गटाच्या बैठकीमुळे. एका ताईंनी पाच हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, मुलीच्या पत्रिकेत प्लूटो वाईट बसलाय, शांत करायची आहे. बाकीच्या बायांना राहू-केतू माहीत, शनी माहीत, हा नवा पाहुणा कोण ते कोणालाच सांगता येईना. कर्ज मंजूर झालं, कारण बचत त्यांची आणि परतफेडही चोख. पण वहीत कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी 'घरगुती' लिहिलं. मी घरी येऊन वाचायला बसले. आपल्या आज्या-पणज्यांच्या पत्रिका १९३० च्या आधी झाल्या, त्यांत प्लूटो नव्हताच, आणि त्यांची लग्नं झाली, मुलंबाळं झाली. आणि माझ्या मनात आलं, अकरा वर्षांच्या पोरीने पाताळाच्या देवाचं नाव सुचवलं नसतं आणि केतकरांचं ब्रह्मा हे नाव लागलं असतं, तर त्याची शांत करा असं कोणी सांगितलं असतं का?

त्या ताईंना मी नंतर प्लूटोचा फोटो दाखवला. हा फोटो १४ जुलै २०१५ चा. न्यू होरायझन्स नावाचं अमेरिकेचं यान जानेवारी २००६ मध्ये निघालं आणि साडेनऊ वर्षं चालून प्लूटोच्या साडेबारा हजार किलोमीटर जवळून गेलं. त्यात टॉम्बोची थोडी रक्षा ठेवली होती, आणि धूळ मोजणाऱ्या एका उपकरणाला व्हेनेशियाचं नाव दिलं होतं. तिथून निघालेला प्रकाश आपल्याकडे यायलाच साडेचार तास लागतात. फोटोत प्लूटोवर बदामाच्या आकाराचा एक पांढरा प्रदेश दिसतो. त्याचा मोठा भाग गोठलेल्या नायट्रोजनचा आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेत सर्वांत जास्त असलेला वायू तिथे बर्फ होऊन पडलाय, कारण थंडी उणे २३० अंशांच्या आसपास. पाण्याचा बर्फ तर इतका कडक की त्याचे डोंगर झालेत, काही आपल्या कळसूबाईच्या दुप्पट उंच. सगळा गोळा २३७७ किलोमीटर रुंद. काश्मीर ते कन्याकुमारी याहून लांब भरेल. ताई बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "एवढ्या लांबून हा माझ्या पोरीचं काय करणार, याला स्वतःलाच ऊब नाही."

यान वाटेत असतानाच खाली प्लूटोचं पद गेलं होतं. त्याच्यासारखे बर्फाळ गोळे तिकडे एकामागून एक सापडायला लागले, एरिस तर जवळपास तेवढाच मोठा. मग सगळ्यांना ग्रह म्हणायचं की कोणालाच नाही? २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरात जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी हात वर करून ठरवलं की ग्रह आठच, आणि प्लूटो बटुग्रह. लघुग्रहांच्या यादीत त्याला १३४३४० असा क्रमांक मिळाला. पोरांच्या पाठ्यपुस्तकात नऊचे आठ झाले ते त्या दिवसापासून. काहींना वाईट वाटलं, पण मला त्यात अपमान दिसत नाही. गोळा तोच आहे, वहीतलं पान बदललं.

आपल्याकडून तो दिसेल का, असं नेहमी विचारतात. नुसत्या डोळ्यांनी नाही, साध्या दुर्बिणीतूनही नाही. आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा तर रात्रभर कंपन्यांच्या दिव्यांनी उजळलेला, इथे आकाशगंगा बघितलेली पोरं सापडणं कठीण. मोठी दुर्बीण मात्र आपल्यापासून फार लांब नाही. चाकण, राजगुरुनगर, मंचर करत घोडेगावकडे गेलं की गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका संस्थेची वेधशाळा आहे. तिथल्या दुर्बिणीचा आरसा दोन मीटर रुंदीचा. ती सुरू झाली मे २००६ मध्ये, म्हणजे प्लूटोचं पद जायच्या तीन महिने आधी. डोंगर निवडला तो तिथलं आभाळ काळं आहे म्हणून. गिरवलीच्या बायांना रात्रीचा अंधार ही गैरसोय वाटत असेल, शास्त्रज्ञ त्याच्यासाठी पुण्याहून तिथे जातात. पोरांना घेऊन एवढं जाणं जमत नसेल तर चिंचवडचं सायन्स पार्क आहे, तिथल्या तारांगणात ग्रहांची ओळख होते.

प्लूटोवरच्या जागांना आता नावं दिली आहेत. बदामाच्या प्रदेशाला टॉम्बोचं, एका भागाला लॉवेलचं, एका मोठ्या खड्ड्याला बर्नीचं, आणि बर्फाच्या डोंगररांगेला एव्हरेस्ट चढलेल्या तेनसिंगचं. केतकरांचं नाव तिथे नाही. ते पंचांगात शोधावं लागतं, पहिल्या पानांवरच्या बारीक अक्षरांत, जिथे 'चित्रापक्षीय' असा शब्द छापलेला असतो. आपण ती पानं उलटून थेट महिन्यावर जातो. आणि प्लूटो १९३० साली जिथे सापडला तिथे परत यायला २१७८ साल उजाडेल. अजून त्याची निम्मी फेरीही झालेली नाही.